बिनखिडकीची खोली

विक्रोळी, ६ ऑक्टोबर

दादा,

तू कसा आहेस हे विचारत नाही. विचारलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तरं द्यायची नाहीत म्हणूनच तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास. कामापुरतं लिहितेय.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद. तुझ्या बोटीसाठी माणसं भरती करणारं अंधेरीचं ऑफिस शोधून काढलं. तिथल्या सपना मॅडम म्हणाल्या, तुझ्या बोटीवर नवी माणसं चढतायत, त्यांच्याबरोबर पाकीट पाठवते. मग म्हणाल्या, "भाऊ बोलत नाही का?" मी म्हटलं, "रेंज नसते." त्या हसल्या. त्यांच्याकडे असे बरेच भाऊ असावेत.

तर काम. मला नोकरी लागलीय. घाटकोपरला केयूरभाई म्हणून आहेत, त्यांच्या ट्रॅव्हल एजन्सीत. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची बुकिंग मी बघते. बी. कॉम.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते, नोकरी लागली तेव्हा पुन्हा वाटले. घरातली पहिली पदवी आता काचेच्या टेबलामागे बसून फोनवर "सर, लवकर ठरवा, शेवटच्या दोनच खोल्या राहिल्यात" म्हणते. दोनच राहिलेल्या असतात की नाही, मला माहीत नसतं. हेच मला बोचतं. मी जे विकते ते मी पाहिलेलं नाही.

तू पाहिलंयस. म्हणून विचारते. जाहिरातीत एक भाव असतो आणि बिल होईपर्यंत त्यावर बंदराचा कर चढतो, मग कर्मचाऱ्यांची बक्षिशी, मग अजून काहीतरी. लोक बोटीवर चढल्यावर चिडतात आणि फोन मला करतात. 'गॅरंटी केबिन' म्हणून एक स्वस्त प्रकार आहे, त्यात कंपनी देईल ती खोली घ्यायची. घ्यावी का? समुद्र दिसणारी खोली म्हणून विकतात आणि खिडकीसमोर लाईफबोट टांगलेली असते, हे खरं का? केयूरभाईंना विचारलं तर म्हणतात, "श्रुतिका, आपण लोकांना आठ दिवस आधीपासून खूष ठेवायचं. नंतरचं बोटवाले बघतील."

हे सगळं कशासाठी, तर ओळखीच्या एक बाई आहेत. पन्नाशी उलटलेल्या. कधी कुठे गेलेल्या नाहीत. त्यांना एकदा बोटीवर जायचंय, आणि त्यांना कुणी फसवू नये असं मला वाटतं. बस्, एवढंच.

श्रुतिका


अंधेरी, २२ ऑक्टोबर

दादा,

सपना मॅडमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत जाऊन शांतपणे लिहिता येईल, पण आत बसवत नाहीये.

तुझा मेसेज आला. मी तो बसमध्ये वाचला आणि साकीनाक्याला उतरायच्या आधीच उतरून पडले, मग चालत गेले. "गॅरंटी नको. खालच्या डेकवरची, बोटीच्या मध्यावरची खोली घे, कमी हलते. कर, बक्षिशी, सगळं धरून एकच आकडा लेखी मागून घे." पुढे काही नाही. नाव नाही, कशी आहेस नाही. आणि संध्याकाळी अजून एक: "बाई कोण?"

तुला कळलंय कोण.

आईनेच गणपतीत काढलं हे. मी म्हटलं, "तुला गोवा बघायचाय का? ही बोट गोव्याला जाते."

"गोवा काय बघूचो? आमच्या कुडाळापासून दोन तासार तर आसा."

"मग?"

"माका बोट बघूची आसा."

बाबा तिथेच पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी त्या बोटीवर पाय ठेवणार नाही." तिने त्यांना विचारलंही नव्हतं. शेवटी मी आणि ती, दोघी जायचं ठरलं. एकट्या माणसाला दोघांचं भाडं पडतं, हे मी फोनवर रोज लोकांना सांगते आणि रोज मला ते चुकीचं वाटतं. त्यामुळे माझं जाणं हिशेबातही बसलं, असं मी बाबांना सांगितलं.

तू गेलास त्या पूजेबद्दल आपण कधी बोललोच नाही. बाबांनी शेजाऱ्यांसमोर तुझी ओळख 'मर्चंट नेव्हीतला ऑफिसर' अशी करून दिली. तू तिथेच म्हणालास, "ऑफिसर नाही. मी बोटीवर लोकांच्या खोल्या साफ करतो, चादरी बदलतो." त्यावर बाबा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तू प्रसाद न घेता जिना उतरलास. मला तेव्हा तुझाच राग आला होता. एक मिनिट गप्प बसला असतास तर काय झालं असतं, असं वाटलं होतं.

बाबा अजूनही ऑफिसरच सांगतात. माझ्याबद्दल विचारलं तर 'ट्रॅव्हल कंपनीत मॅनेजर'.

बुकिंग केलं. तू सांगितलंस तसा एकच आकडा लेखी घेतला, केयूरभाईंच्या सहीने. ते म्हणाले, "माझ्याच ऑफिसात मलाच कागद मागतेस?" पण दिला. खोली मात्र आईने भलतीच घेतली. मला समुद्र दिसणारी खोली अगदी थोड्या फरकाने मिळत होती, समोर लाईफबोट नसलेली, मी नकाशावर बघून ठेवली होती. आई म्हणाली, "बिनखिडकीची नाय काय खंय?"

"असते. सगळ्यात स्वस्त. पण आई, पैसे वाचवू नकोस गं, माझा पगार आहे."

"पैशाचा नाय गो. बिनखिडकीचीच घे."

आता तिच्याशी कोण वाद घालणार. घेतली. पण मला ते लागून राहिलंय. पहिल्यांदा बाहेर पडतेय आणि भिंत बघत बसणार.

श्रुतिका


घाटकोपर, ३ नोव्हेंबर

दादा,

वाट लागली आहे.

बोटीवर चढायच्या आधी प्रत्येकाचं ओळखपत्र कंपनीच्या साइटवर चढवावं लागतं. आज जेवणाच्या सुट्टीत माझं चढवलं. आईचं चढवलं तर लाल अक्षरात आलं, प्रवाशाचं नाव जुळत नाही. मी कार्ड उलटसुलट करून बघितलं. त्यावर आईचा फोटो आहे आणि नाव आहे शकुंतला शांताराम राऊळ.

तुला माहीत होतं? मला नव्हतं. म्हणजे राऊळ माहीत होतं. लग्नात बाबांच्या घरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मालन' लिहिलं, एवढंही ऐकलं होतं. पण त्या आधी तिथे कोणी होतं आणि त्याला नाव होतं, हा विचारच कधी केला नव्हता. आजी आजारी होती तेव्हा आई माहेरी होती बघ, तेव्हा तिथल्या शाळेत आधारचं शिबिर लागलं. मामाने तिचा शाळेचा दाखला पुढे केला. इथे गॅस, बँक, लाईटबिल सगळं बाबांच्या नावावर, त्यामुळे ते कार्ड साड्यांखाली गेलं ते गेलंच. बुकिंगच्या वेळी मी बाकी ग्राहकांना 'कार्डावर हेच नाव आहे ना?' एवढं तरी विचारते; बरेचसे न बघताच हो म्हणतात. आईला तेही विचारलं नाही. आईचं नाव कोण विचारतं? टाईप केलं 'मालन दशरथ मेस्त्री' आणि पुढे गेले.

घरी फोन केला. "आई, तुझं नाव शकुंतला आहे?"

ती बहुतेक तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज थांबला. म्हणाली, "होता."

आता नियम असा, की नाव पूर्ण वेगळं असेल तर जुनं बुकिंग रद्द, पैसे परत नाहीत, नव्या नावाने नवं बुकिंग, आजच्या भावाने. आजचा भाव बघवत नाही. आणि हा नियम मला तोंडपाठ आहे, कारण गेल्याच आठवड्यात मी तो मुलुंडच्या शरच्चंद्र काकांना फोनवर ऐकवला. ते पोस्टातून निवृत्त झालेत. आमच्याच बोटीने जाणार आहेत, लग्नाच्या वाढदिवसासाठी. त्यांची बायको माधुरी, आणि कार्डावर माहेरची इंदुमती. मी म्हटलं, "सर, कंपनीचा नियम आहे." ते म्हणाले, "बरं बाई, तुमच्या हातात तरी काय असणार." नवं बुकिंग करायला ते पैसे जमवतायत.

आज माझ्या स्वतःच्या आईचं आल्यावर मी पहिल्यांदा कंपनीच्या हेल्पलाईनला फोन केला. आधी का केला नाही, विचारू नकोस. तिथली मुलगी म्हणाली, लग्नामुळे नाव बदललेलं असेल तर बोट सुटायच्या आठवडाभर आधीपर्यंत दुरुस्ती मोफत होते. लग्नाचा पुरावा आणि एक प्रतिज्ञापत्र जोडायचं. मी तिला तीनदा विचारलं. "मॅडम, मोफत," ती म्हणाली. मग म्हणाली, पण बुकिंग एजंटमार्फत असेल तर अर्ज एजंटनेच करायचा, आम्ही प्रवाशाचा घेत नाही.

म्हणजे तो नियम कंपनीचा नाहीच. आमचा आहे. केयूरभाई बाहेर गेलेत, उद्या येतील. मी दोनदा जिना उतरून रस्त्यावर गेले आणि परत आले.

श्रुतिका


घाटकोपर, ५ नोव्हेंबर

दादा,

बोलले.

केयूरभाई वाईट नाहीत, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुला ते राक्षस वाटतील. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. मी सांगत होते तेव्हा त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या आईचं ना? आत्ता अर्ज टाकतो. एक रुपया नको. घरचं माणूस आहे."

"आणि शरच्चंद्र सर?"

"त्यांनी विचारलं का?"

"त्यांना माहीत नाही म्हणून नाही विचारलं."

"मग ज्याला माहीत नाही त्याला कशाला उठवतेस?"

मी म्हटलं, दोघींचं एकच आहे. दोघींची नावं लग्नात बदलली. एकीचं मोफत आणि एकीचं नाही, हे कसं?

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बघ बेटा. कंपनी मला कमिशन देते ते ह्या एसीला पुरत नाही. लोक दहा ठिकाणी भाव विचारून येतात, मी स्वस्तात स्वस्त देतो. कुठून देतो? असल्या चुकांतून. तुझ्या मराठी लोकांत महिन्याला दोन-तीन बायका निघतातच, लग्नाआधी वेगळ्या, लग्नानंतर वेगळ्या. तुझा पगार पण त्यातूनच येतो ना?"

मी ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायले. मग ते म्हणाले, "आईचं काम होईल. तू फक्त बाकीच्यांना सांगत बसू नकोस. विचार कर, उद्या सांग."

विचार काय करायचा? हो म्हटलं की आई बोटीवर. इतकं सोपं आहे. दुरुस्तीला दोन-तीनच दिवस उरलेत, त्यानंतर कुणाचंच काही होणार नाही. मी शरच्चंद्र काकांना फोन करून सांगितलं तरी उपयोग नाही, अर्ज केयूरभाईच टाकणार. मी भांडले तर आईचाही टाकणार नाहीत.

आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. तिने तिच्या माहेरच्या पत्र्याच्या पेटीतून एक साडी काढून ती बोटीसाठी इस्त्रीला दिलीय.

दुपारभर मला ती पूजा आठवत होती. एक मिनिट गप्प बसला असतास तर, असं मी तुझ्याबद्दल म्हणत होते. आज मला एक मिनिट गप्प बसायचंय आणि ते जमत नाहीये. हे मी तुझ्याकडून उचललं का? तसं असेल तर मला सांगून जायचं होतंस, त्याचं पुढे काय करायचं ते.

श्रुतिका


विक्रोळी, ८ नोव्हेंबर

दादा,

त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. सगळं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, नको ती बोट. तिने विचारलं, "त्या बाईचा नाव काय?"

"माधुरी. कार्डावर इंदुमती."

"मगे तिका टाकून मी कशी जातलंय?"

"आई, नाहीतर तूही नाही जाऊ शकणार."

"तुझ्या त्या शेटाचा हापिस किती वाजता उघडता?"

शुक्रवारी मी केयूरभाईंकडून विचार करायला अजून एक दिवस मागून घेतला. काल शनिवार, आमच्याकडे गर्दीचा दिवस. सकाळीच ती आली. इस्त्रीची साडी, डबा, पाण्याची बाटली. सोफ्यावर मधोमध बसली. मला वाटलं केयूरभाईंना भेटेल, हात जोडेल, तर नाही. बोरिवलीचं एक जोडपं आलं, त्यातली बाई शेजारी बसली, तर आई तिला म्हणते, "आधार आणलास गो? त्यावर लग्नाआधीचं नाव नाय ना? बघून घे हो. माझं तसंच झालं."

त्या बाईने पर्स उघडली. नाव बरोबर होतं. पण तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, "नाव चुकलं तर काय चार्ज आहे?" आणि ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग दुसरं कुटुंब आलं. त्यांना पण आईने तेच विचारलं, आणि त्यांच्यातली एक वहिनी कार्ड हातात धरून म्हणाली, "अगं बाई, माझं पण." आता सोफ्यावर तिघी-चौघी आपापली कार्डं काढून बसल्या. आईने डबा उघडून त्यांना घावणे दिले. कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. नुसत्या एकमेकींना जुनी नावं सांगत होत्या आणि हसत होत्या.

केयूरभाई केबिनमधून बाहेर आले. "श्रुतिका, ह्या मावशी कोण?"

"माझी आई. मालन."

"शकुंतला," आई म्हणाली.

त्यांनी सोफ्यावरच्या बायकांच्या हातातल्या कार्डांकडे बघितलं. मग म्हणाले, "मावशी, चहा घेणार?"

"घेतंय. संध्याकाळपर्यंत हयच आसंय."

ते हसले. खरंच हसले, दादा, कपाळाला हात लावून. आत गेले, मला बोलावलं आणि माझ्यासमोर दोन अर्ज टाकले, शकुंतला राऊळ आणि इंदुमती. आईची कागदपत्रं तयार होती, आणि शरच्चंद्र काकांची मी शुक्रवारीच, मोफतचं काही न बोलता, मागवून ठेवली होती. चारच्या सुमाराला कंपनीचं उत्तर आलं. दोन्ही नावं दुरुस्त. शुल्क नाही. मी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

निघताना केयूरभाईंनी मला बाजूला घेतलं. "सोमवारपासून येऊ नकोस. राग नाही. पण तू समोर बसलीस की मला फोनवर बोलता येणार नाही." पगार पूर्ण महिन्याचा देतो म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, आईला म्हणाले, "मावशी, माझ्याकडून तुम्हाला खिडकीवाली खोली. फुकट. दोन मिनिटांत बदलतो."

"नको. बिनखिडकीचीच रवांदे."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? घरी येताना रिक्षात मी चिडले. आई, फुकट मिळत होती. माझी नोकरी गेली, निदान खिडकी तरी घ्यायचीस. तेव्हा ती म्हणाली.

"माझो झील खंय रवता ता माका बघूचा आसा. तेच्या खोलीक खिडकी नाय."

तू कधीतरी पहिल्या वर्षी फोनवर बोलला होतास ना, आमची खोली पाण्याच्या पातळीखाली असते, खिडकी नसते. मी विसरले होते.

नोकरीचं बाबांना सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. तू कुठे सांगणार म्हणा.

श्रुतिका


विक्रोळी, २४ नोव्हेंबर

दादा,

जाऊन आलो.

बंदरावर कार्ड बघून तिथली मुलगी म्हणाली, "वेलकम, शकुंतला मॅडम." आई थांबली. मागे रांग होती, तरी थांबली. तिने मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून. मग पुढे झाली.

माधुरी काकू आणि शरच्चंद्र काका आम्हाला जेवणाच्या वेळी भेटायचे. काका बशीत काय काय फुकट आहे आणि काय नाही ते वेटरला आधी विचारून घ्यायचे, मग खायचे. वरच्या डेकवर गाणी, पोहायचा तलाव, लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते. आई वर फारशी आलीच नाही. गोव्याला उतरलीसुद्धा नाही.

आमच्या रांगेतल्या खोल्या आवरायला एक दार्जिलिंगचा माणूस होता, तुझ्याच वयाचा. पहिल्या सकाळी तो यायच्या आत आईने दोन्ही पलंग आवरून ठेवले. चादरी झटकल्या, टॉवेल वाळत घातले, न्हाणीघर पुसलं. तो आला आणि दारातच उभा राहिला. मला हळूच हिंदीत म्हणाला, "मॅडम, हे नका करू. साहेब बघतील तर म्हणतील मी आलोच नाही." मी आईला सांगितलं. तिने लगेच चादर ओढून पुन्हा विस्कटली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तो चादरीचा कोपरा कसा दुमडतो, उशी कशी थापटतो, सगळं बघितलं. त्याला म्हणाली, "घरी फोन करतोस?" तो हो म्हणाला. "रोज?" तो हसला. तिने त्याला घरून नेलेले लाडू दिले. दुसऱ्या दिवशी तिने काहीच आवरलं नाही, पण तो यायच्या वेळी तयार होऊन बसली.

त्याच दिवशी दुपारी मी वरून खाली आले तर खोलीत मिट्ट काळोख. मला वाटलं ती झोपलीय. दिवा लावायला गेले तर म्हणाली, "लावू नको. ये, बस." मी तिच्या पलंगावर बसले. वर भर ऊन होतं आणि इथे आपला हात आपल्याला दिसत नव्हता. खालून इंजिनची घरघर अंगात येत होती. आम्ही कितीतरी वेळ तशाच बसलो. मी बोलायला गेले की ती माझ्या हातावर हात ठेवायची. शेवटी मीच रडले. ती नाही.

परत आल्यावर बाबा बंदराच्या फाटकाबाहेर उभे होते. बोलावलं नव्हतं. बॅग घेतली, टॅक्सी केली. मग समोर बघत विचारलं, "खोली कशी होती?" आई म्हणाली, "घराक चला, दाखवतंय." घरी आल्यावर तिने त्यांना न्हाणीघरात उभं केलं, बाहेरून दार लावून घेतलं आणि दिवा घालवला. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले नाहीत. तिनेच काही वेळाने दार उघडलं.

मी तेव्हाच त्यांना नोकरीचं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली.

काल खालच्या मजल्यावरचे अंबादास काका आले होते, क्रूझचे फोटो बघायला. विचारत होते, ऑफिसरसाहेब कुठल्या देशात आहेत सध्या? आई आत चहा करत होती. मी बाबांकडे बघितलंच नाही. बाबा म्हणाले, "ऑफिसर नाय. झील बोटीर खोल्यो साफ करता. चेडू सध्या घराकच आसा." मग म्हणाले, "चहा घ्या."

मी रोज एकेका ऑफिसात जाऊन येतेय. काकांनी मुलुंडच्या त्यांच्या कट्ट्यावर माझा नंबर वाटलाय, लोक बुकिंगचे कागद घेऊन फोन करतात, मी वाचून सांगते. त्याचं काय होईल माहीत नाही. बसून राहवत नाही, एवढं खरं.

हे पाकीट उद्या सपना मॅडमकडे देईन. तू घरी ये, असं मी लिहिणार नाही, आईनेही लिहायला सांगितलेलं नाही. तिने एकच गोष्ट विचारायला सांगितलीय, त्या काळोखात बसल्यापासून तिच्या डोक्यातून ती जात नाही.

तिथे तुला सकाळ झालेली कशी कळते?

श्रुतिका